मधली जागा

आई गेल्यावर जेवणाच्या टेबलाजवळची तिची मधली खुर्ची माळ्यावर गेली, आणि दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून रोज भांडू लागले. शेवटी दादाने बॅग भरायला घेतली.

"कॉम्प्युटर एकदा सुरू करून दे. माझे नकाशे काढून घेतो आणि निघतो."

तो कॉम्प्युटर दोघांनी मिळून घरीच जुळवला होता. मेमरीची एक पट्टी दादाची, एक धाकट्याची. आठवड्याभरात तो घडीघडी बंद पडायला लागला.

"दादा, तुझीच पट्टी खराब."

"माझी? आधी स्वतःची बघ."

धाकट्याने एकेक पट्टी लावून तपासणी केली. दादाच्या पट्टीत चूक नव्हती आणि स्वतःच्या पट्टीतही नव्हती. पण दोन्ही शेजारी बसवल्या की स्क्रीन चुकांनी लालभडक व्हायचा. त्याला धड बसवेना, धड उठवेना. दुरुस्त झालं तर दादा जाणार, आणि नाही झालं तर दोष आपल्या माथी. अखेर त्याने इतके दिवस खोक्यातच पडलेलं माहितीपुस्तक उघडलं.

'पट्ट्या दोनच असतील, तर मधली जागा रिकामी सोडा.'

त्याने मधली जागा सोडून एक पट्टी पलीकडे बसवली. तासभर तपासणी चालली, पण एकही चूक आली नाही.

"झालं का रे?" दादाने आतून बॅगेची चेन ओढत विचारलं.

 

धाकटा माळ्यावर चढला, आईची खुर्ची खाली उतरवली आणि दोघांच्या खुर्च्यांमध्ये ठेवून दादाला जेवायला हाक मारली.