साडेसातचा फोन

“आजोबा, रोज साडेसातला तुम्हाला फोन करते ती कोण?”

विचारलं एकदाचं! ‘तुझी हिंमतच होणार नाही,’ असं म्हणत वर्गातल्या अपूर्वा आणि शर्मिष्ठा दोघींनी पैज लावली होती. आता उद्या रुचिराची केमिस्ट्रीची फाइल त्याच पूर्ण करणार.

दयाराम आजोबा सोफ्यावर ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. त्यांनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं.

“करतेच काहून? करतो नसू शकत का?”

“अरे यार आजोबा, नाम तो बताओ!”

“आहेत आपली नागपूरची मंडळी. अभ्यास कर बाप्पा तू.”

नाव नाही तर नंबर. रुचिराने टीव्हीशेजारच्या फळीवरून कॉर्डलेस उचलला. आजोबा नागपूरहून लखनौला राहायला आले, त्याच आठवड्यात पप्पांनी तो आणला होता. मोबाइलच्या काचेवर आजोबांचं बोट नीट चालायचं नाही. याची बटणं जाड, आकडे मोठे. पप्पांनी सोबतचा कागद मोठ्याने वाचून दाखवला होता: वापरण्याआधी सोळा तास चार्जिंग. मायक्रोवेव्हपासून लांब. अडॅप्टर याचाच, आणि ओल्या हाताने हात लावायचा नाही. आजोबांनी ते सोळा तास घड्याळ बघत काढले होते. आजही फोनला हात लावण्याआधी ते नॅपकिनला हात पुसत.

तिने बटणं दाबत यादी काढली. लावलेले नंबर पाच, सगळे नागपूरचे. आलेले फोन: एकही नाही.

तिने पुन्हा पाहिलं.

“आजोबा, ये तो खराब है. इतके कॉल येतात, एकपण सेव्ह नाही. थांबा, पप्पा आले की सांगते.”

“नको सांगू.”

“क्यों?”

खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. आजोबा उठले. त्यांनी नॅपकिनला दोन्ही हात पुसले, फळीवर उरलेल्या फोनच्या बैठकीपाशी गेले आणि तिच्यावरचं लहानसं बटण दाबलं. घरात हँडसेट कुठे राहिला ते कळावं म्हणून असतं ते बटण.

रुचिराच्या हातातला फोन वाजायला लागला.

स्क्रीनवर नंबर नव्हता. हाच आवाज रोज साडेसातला ती आपल्या खोलीतून ऐकायची.

आजोबांनी तिच्या हातून फोन हळूच काढून घेतला.

“अभयनं किती हौसेनं आणला,” ते कुजबुजले. “वाजलाच नाही, तर त्याले कसं वाटंल?”

दार उघडलं.

“हॅलो! जयभीम, जयभीम!” आजोबांचा आवाज एकदम मोठा झाला. “काय म्हणता? हो का! अरे वा!”

मध्येमध्ये ते थांबत होते. पलीकडच्याला बोलायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ. एकदा तर हसलेसुद्धा.

पप्पांनी बूट काढता काढता मागे वळून पाहिलं. ऑफिसमधून त्यांच्याबरोबरच आलेली मम्मी भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती. “बघ, आला फोन,” ते म्हणाले. “म्हटलं होतं ना, बाबा रमतील म्हणून? या दसऱ्याला नागपूरची धावपळ नको. नैनीतालचं बुकिंग आजच टाकतो करून.”

“अहो, त्यांना विचारा तरी. दसऱ्याची दीक्षाभूमी त्यांनी आजवर कधी चुकवली नाही.”

“सगळं नागपूर रोज फोनवर भेटतंय त्यांना. बाबा, नैनीताल चालेल ना?”

आजोबांनी फोनच्या बोलायच्या बाजूवर तळहात ठेवला. पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

“चालेल, चालेल.”

तळहात काढून ते पुन्हा ‘हं, हं’ करायला लागले.

मम्मी स्वयंपाकघरात गेली. पप्पा मोबाइलमध्ये हॉटेलं बघायला लागले. रुचिरा आजोबांना अगदी चिकटून बसली. आजोबांशी ती नेहमी अर्धं हिंदीच बोलायची. आता तिने सावकाश, एकेक शब्द जुळवत विचारलं, “तिकडून कोणी फोनपण करत नाही. मग दीक्षाभूमीला कोणाला भेटायचं असतं?”

आजोबांनी फोन कानावरून काढला नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, फोनमध्येच ते बोलले.

“तिथं ओळखीचं कोणी लागतच नाही. लाखो लोक असतात. कोण कुठला माणूस, समोर येते, हात जोडते, जयभीम म्हणते. आपण म्हणायचं. लगेच दुसरा येते. दिवसभर. संध्याकाळपर्यंत घसा बसून जाते पार.” मग त्यांनी पलीकडच्याचा निरोप घेतला. “बरं. ठेवतो.”

त्यांनी फोन बैठकीवर ठेवला. चार्जिंगचा लाल दिवा लागला की नाही, ते वाकून पाहिलं.

“कोण होतं, बाबा?” पप्पांनी मोबाइलवरून नजर न काढता विचारलं.

“आपलेच लोक.”

“छान. रुचिरा, दोन खोल्या घेतो. आपण चौघं.”

“एकच घ्या.”

“चौघांना एक? मावणार कसे?”

रुचिरा उठून उभी राहिली. आवाज तिला हवा तसाच निघाला. तो ऐकून मम्मीही पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

“नैनीतालला तुम्ही दोघं जा. मी आजोबांना घेऊन नागपूरला चाललेय. विचारत नाहीये पप्पा, सांगतेय.”