चांदण्या रात्रीचे ढग

"बाई, हे संशोधन आहे की थट्टा?" असं म्हणत विभागप्रमुखांनी ते जाडजूड बाड टेबलावर आपटलं. ग्लासातलं पाणी हिंदकळलं.

समोर बसलेल्या बाईंनी ग्लास उचलून बाजूला ठेवला. 

या शांतपणाचाच विभागप्रमुखांना संताप यायचा. पंचवीस वर्षं ही बाई संशोधन केंद्रात कंत्राटावर राबत होती, ते प्रमुख झाल्यापासून दरवर्षी कंत्राट वाढवायला त्यांच्या सहीसाठी दाराशी उभी राहत होती. सुरुवातीला तर पडेल ते काम करायची. आकडेमोड कर, टाइप कर, शुद्धलेखन बघ. विभागप्रमुख तेव्हा तरुण आणि होतकरू होते. परिषदा, दौरे, ओळखीपाळखी, श्वास घ्यायला फुरसत नसायची. आणि आता हीच बाई कायम नोकरीसाठी अर्ज करून बसली होती! वयाची अट पाहता ही तिची शेवटची संधी. हुकली, की महिनाअखेरीस टेबल आवरून घरी.

ती हुकवायचीच, असा चंग त्यांनी बांधला होता. कारणही तसंच होतं. टीव्हीवर ते ठणकावून सांगत, "घाबरू नका. जग तापलं की ढग वाढतील आणि ढगच आपल्यावर सावली धरतील." लोकांना ऐकायला गोड वाटायचं. त्यावरून केंद्रात त्यांचं नाव 'ढगोबा' पडलं, तेही त्यांनी कौतुक म्हणूनच घेतलं. मग एकदा भर परिषदेत या बाई उठल्या आणि त्यांच्या तोंडावर म्हणाल्या, समुद्र तापला की त्यावरचे खालचे ढग विरळ होतात, होती ती सावलीही जाते आणि जग आणखी तापतं. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्या विभागप्रमुखांना अजून झोपू देत नव्हत्या.

नियम असा, की उमेदवारानं आपलं सर्वांत चांगलं एक काम समितीपुढं ठेवायचं. समितीत दोघंच, विभागप्रमुख आणि नवे संचालक. संचालक परगावाहून आलेले, विषयानं भौतिकशास्त्राचे, फारसं न बोलणारे.

बाईंनी ठेवलेलं काम जुन्या ढगनोंदींवरचं होतं. जहाजांवरचे खलाशी पूर्वी मनातल्या मनात आकाशाचे आठ भाग करायचे आणि त्यांतले किती भाग ढगांनी झाकलेत ते लिहून ठेवायचे. ढग खरंच कमी होतायत का, हे कळायला आधी त्या नोंदी धडपणे वाचता यायला हव्यात.

विभागप्रमुखांनी सवयीप्रमाणे आधी शेवटची संदर्भयादी बघितली. त्यांचं नाव एकदाही नाही! ढगांवरचं काम आणि त्यात ढगोबा नाहीत! तिथंच त्यांचं डोकं फिरलं. मग मधली चार पानं चाळली आणि बाड मिटलं.

"अंधाऱ्या रात्रींच्या नोंदी तुम्ही सरळ फेकून दिल्यात," ते आता म्हणाले. "चांदणं असेल तेवढ्याच ठेवल्यात. का हो? चंद्र बघून ढग मोजायचे? उद्या मांजर आडवं गेलं म्हणून आकडे गाळाल!"

स्वतःच्या विनोदावर ते खो खो हसले. संचालक हसले नाहीत.

"काळोखात खलाशाला ढग दिसत नाहीत, सर," बाई म्हणाल्या. "मग तो आकाश मोकळं आहे असं लिहून टाकतो. चंद्र असला की खरं काय ते दिसतं."

"अच्छा! म्हणजे खलाशी सगळे आंधळे, डोळस तेवढ्या तुम्ही!"

"मला यात तथ्य वाटतं," संचालक हळूच म्हणाले.

 हा माणूस पाघळला तर सगळं मुसळ केरात जाणार होतं. विभागप्रमुखांनी आवाज चढवला.

"साहेब, तुम्ही पडलात भौतिकशास्त्राचे. माझी हयात गेलीय ढगांत. ज्यानं हे लिहिलंय, त्याला ढग कशाशी खातात हे माहीत नाही. आणि गणित? नुसता पोरखेळ."

"कुठल्या पानावरचं गणित, सर?" बाईंनी विचारलं.

"सगळ्याच पानांवरचं!"

"म्हणजे पद्धतच चुकीची?"

"मुळापासून."

"एखाद्या विद्यार्थ्यानं हे आणून दिलं असतं तर?"

"दारात उभा केला नसता!" विभागप्रमुखांना आता चांगलाच चेव आला. "असल्या कचऱ्यावर कुणाला पदवी दिली असेल ना, तर ती काढून घ्यायला हवी. साहेब, हे माझं मत इतिवृत्तात घ्या. अगदी शब्दन्‌शब्द."

संचालकांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. विभागप्रमुखांनी खाली झोकात सही ठोकली. बाई मान खाली घालून ती सही बघत होत्या. ते बघून त्यांना मनापासून बरं वाटलं. चांगली जिरली, ते मनात म्हणाले. आता टाळ्या घे म्हणावं.

"एक प्रश्न राहिला," संचालक म्हणाले. "सगळ्यांनाच विचारावा लागतो. हे काम पूर्वी कुठं सादर झालंय का?"

"असलं कोण घेणार?" खुर्ची मागे सारत विभागप्रमुख म्हणाले.

"झालंय," बाई म्हणाल्या.  "बावीस वर्षांपूर्वी, विद्यापीठात. त्यावर डॉक्टरेट मिळालीय."

विभागप्रमुख ताडकन उठले. बाईंना डॉक्टरेट नव्हती, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं.

"ऐकलंत ना, साहेब? चोरीचा माल! बोला बाई, कुणाचं ढापलंत? सांगा की यांना नाव!"

"ढापलं नाही, सर. लिहिलं मीच होतं. वर नाव तेवढं तुमचं घातलं होतं."