जावयाचा मान

पुलावरून निर्माल्याची पिशवी आली आणि थेट शालनमावशींच्या पाठीवर आपटून फुटली. खाली नदीत, गुडघाभर पाण्यात कचरा काढणाऱ्या आम्हा सगळ्यांचे हात थांबले. पिशव्या फेकणाऱ्यांना मावशी कशा फैलावर घेतात, ते आम्ही दर रविवारी ऐकतो. मागे एक जण तर स्कूटर पुलावरच टाकून पळाला होता.

मावशींनी खांद्यावर लोंबणारी झेंडूची माळ काढली, पदर खोचला, वर पाहिलं आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

वर कठड्याशी, डोळे मिटून, हात जोडून त्यांचे जावई उभे होते. लग्नाला जेमतेम महिना झालेला. नव्या जावयाला बोलणार तरी कसं?

“अगंबाई, जावईबापू!” मावशींचा आवाज एकदम साखरेत घोळलेला. “हात जोडून झाले असतील, तर खाली या. जरा हात लावा.”

जावयांनी डोळे उघडले आणि खाली सासूबाईंना पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. निमूटपणे खाली आले, बूट काढून चिखलात उतरले.

मला दया आली. मी त्यांच्यापुढे एक छोटं पोतं धरलं.

“ते नको,” मावशी म्हणाल्या. “सगळ्यात मोठं द्या. जावयाचा मान असतो.”