दोन अँपिअर

दुपारी सरकारी वीज गेली आणि सुहैलाचं ऑक्सिजनचं यंत्र गल्लीतल्या जनरेटरवर चालू लागलं. मी पुन्हा कागद घेतला. आमच्या तारेला मिळतात दोन अँपिअर; महिन्याचे पैसे तेवढ्याचेच भरतो. दोनशे वीस व्होल्टला झाले चारशे चाळीस वॅट. नवं यंत्र एकटंच पाचशे वॅट खातं. म्हणजे जनरेटरकडचा आमचा खटका पडून वीज तुटायलाच हवी, आणि तीन दिवस तो पडत नव्हता. कधी पडेल आणि हिचा श्वास अडेल, या धास्तीने मला बसवेना.

"चालतंय ना? मग टेका जरा," सुहैला नळीआडून म्हणाली. "तुमच्या फेऱ्या बघूनच मला धाप लागते."

"माझंच गणित कुठेतरी चुकतंय."

शेवटी बसऱ्याच्या भर उन्हात जनरेटरवाल्या मुहन्नदकडे गेलो. तो माझा जुना विद्यार्थी. त्याने कागद पाहिला आणि खटक्यांच्या पेटीचं झाकण हळूच लावून घेतलं.

"उस्ताद, याच गणितात तुम्ही मला नववीत नापास केलं होतं. अजून कच्चाच आहे मी. दोनचा खटका बसवायचा तिथे चारचा बसवला असेल."