रखडलेली आवृत्ती

रुग्ण उपचारांनंतर किती काळ जगतात, याचं गणित मांडणारं एक संगणकी पॅकेज वासुदेवराव बनशंकरीतल्या घरात बसून सतरा वर्षं सांभाळत आले होते, तेही फुकट. दर सहा महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती निघायची, आणि ती कधी एक दिवससुद्धा चुकली नव्हती. पण गेली दोन वर्षं काहीच निघालं नव्हतं. कुठकुठल्या डॉक्टरांच्या, विद्यार्थ्यांच्या विनवण्यांनी त्यांची मेलबॉक्स भरून गेली होती.

"अण्णा, लोकांनी दाखवलेल्या सगळ्या चुका तर तुम्ही कधीच दुरुस्त केल्यात," त्यांचा लॅपटॉप पुढ्यात ओढत त्यांची लेक श्रीविद्या म्हणाली. "मग घोडं पेंड खातंय कुठे?"

"स्वल्प थांब गं. नमुन्याच्या तक्त्यात एक बदल राहिलाय."

"केवढा?"

"एका आकड्याचा."

"एका आकड्यासाठी दोन वर्षं?"

श्रीविद्याने तक्ता उघडला. शिकणाऱ्यांना सराव करता यावा म्हणून पॅकेजसोबत दिलेला रुग्णांचा तक्ता होता तो. नावं कुणाचीच नव्हती. वय, उपचारांचे महिने आणि शेवटचा रकाना: रुग्ण जिवंत असेल तर शून्य, गेला असेल तर एक. सगळ्यात खालची ओळ मागच्या आवृत्तीत नव्याने घातलेली होती. स्त्री, वय त्रेसष्ट, उपचारांचे चौदा महिने.



आईच्या ओळीत अजून शून्यच होतं.