मोजणीदारांचा घोटा

“रात्री दुखण्यामुळे झोप लागत नाही?” सर्जननी विचारलं.

“कुठली झोप! मी केव्हाही डोळे उघडले तरी हे जागेच असतात. माझ्याकडे बघत,” मोजणीदारांच्या आधी बाईच म्हणाल्या.

“बूट बदलणं, पट्टा, व्यायाम?”

“सगळं झालं. गुण म्हणून नाही. आता एकदाचं ऑपरेशन करून टाका.”

बाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणं त्यांना तेव्हाही जमत नसे. आज मात्र आवाजात नुसता शीण होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याचा घोटा मुरगळला. दुष्काळात तेरावा महिना. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती घ्यायला बाईंना सवड कुठली? यांचं करण्यातच दिवस जायचा.

“घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही,” बाई सांगत होत्या. “दर मजल्यावर हे फतकल मारून बसतात. माझं मनगट धरून, घड्याळाकडे बघत, पाच-पाच मिनिटं. कंटाळले हो मी.”

सर्जननी एक्स-रे उजेडात धरला. घोटा दाबला. “दुखतं?”

“हो,” मोजणीदार जरा उशिराच म्हणाले.

सर्जननी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंच्या सुजलेल्या पावलांकडे.

“बाकीचे उपाय संपले, चालणंच अडलं, की ऑपरेशन. ती वेळ आलेली नाही. जिना चढता तसाच चढत जा. थांबत थांबत.”

“एवढं ऐकायला सकाळ घालवली!” बाहेर पडताना बाई म्हणाल्या.

घरासमोरच्या दुकानातून बाईंची औषधं घेतली आणि दोघं जिना चढू लागले. पहिला मजला, बैठक. दुसरा मजला, बैठक. तिसऱ्यावर शेजारीण भेटली. “पाय फार दुखतोय का हो काका?” तिने विचारलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभी हयात जमिनी मोजत रानोमाळ हिंडलेला माणूस, आणि आता हे असं. त्यांना रडूच यायला लागलं.

घरात शिरल्यावर लक्षात आलं, एक्स-रे औषधाच्या दुकानातच राहिला.

“राहू दे हो. संध्याकाळी बघू.”

“तू पड जरा. मी आणतो,” म्हणत मोजणीदार लंगडत बाहेर पडले.

आता अर्ध्या तासाची निश्चिंती. बाई पाण्याचा पेला घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. पेला ओठाला लागतो न लागतो तोच खाली रस्त्यावर मोजणीदार दिसले. दुकानदार दुपारचं शटर ओढत होता. मोजणीदार धावले. समोरून येणारी बस चुकवून धावले, अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरले आणि एक्स-रेचं पाकीट घेऊन तसेच परत पळत आले.

जिन्यात पावलं वाजली. धडाधड, दोन-दोन पायऱ्या एकदम. तिसऱ्या मजल्यापर्यंत.

मग एक पाऊल पक्कं, एक फरफटत.

बाईंनी दार उघडलं. मोजणीदार वरच्या पायरीवर घोटा धरून बसले होते.

“दुखतंय?”

“फार.”

बाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि आपलं मनगट त्यांच्या हातात दिलं.