शांतीला मनाई

नवे सम्राट गादीवर बसले आणि त्यांच्या नावातलं 'निंग' हे अक्षर लिहायला प्रजेला बंदी झाली. निंग म्हणजे शांती. छपराखाली हृदय, हृदयाखाली वाटी, असं ते लिहितात. लिहिणाऱ्याला शिक्षा एकच, मुंडकं उडवायचं.

कारकून फू रुइलिनने बंदीचा जाहीरनामा लिहून कचेरीच्या भिंतीवर डकवला आणि पटाशी घेऊन निघाला. लग्नघरांची दारं, पाळणे, औषधाच्या बरण्या, जिथे तिथे लोकांनी शांती कोरून ठेवलेली. सगळी खरवडली. घरी येऊन लेकीच्या नावातलंही काढून टाकलं.

"बाबा, मग आता मी कोण?"

"ठरलं की सांगतो. तोवर कुणी विचारलं तर खोकायचं."

राजधानीतून एक तपासनीस आले. ते गल्लोगल्ली हिंडले, विहिरींत डोकावले, देव्हारे उलटे करून पाहिले. मागे तालुक्याचे न्यायाधीश घामाघूम.

"फू, एक जरी राहिलं असेल ना, तर माझ्याआधी तुझं जाईल."

"हुजूर, आईच्या थडग्यावरचंसुद्धा मी माझ्या हाताने काढलंय."

दुपार कलली तरी काही सापडलं नाही. तपासनिसांनी पालखीत पाय ठेवला, तेव्हा कुठे फूचा जीव भांड्यात पडला. पण तो पाय पुन्हा बाहेर आला. तपासनीस कचेरीच्या भिंतीपुढे उभे राहिले.



"सबंध तालुक्यात एकच सापडलं," ते म्हणाले. "या जाहीरनाम्यात. कुणी लिहिलंय?"